तसबिरीमागच्या तिघी

साहेबराव ओव्हाळांनी पिंपरीत जेवढी मेलेली माणसं भिंतीवर चढवली, तेवढी दुसऱ्या कुणी चढवली नसतील. बाजाराच्या एका गल्लीत त्यांचं तसबिरींचं दुकान होतं, दहा बाय आठचं, वर पत्रा. देव यायचे, बुद्ध आणि बाबासाहेब यायचे, लग्नातले जोडफोटो यायचे, आयटीआयची सर्टिफिकिटं यायची. पण दुकान चालायचं ते गेलेल्यांवर. कारखाने आले तसा आजूबाजूच्या गावांतल्या माणसांच्या हातात पगार आला, पगारातून सिमेंटच्या भिंती आल्या, आणि सिमेंटच्या भिंतीवर पहिल्यांदा काय लावायचं, तर गेलेला बाप. साहेबराव मापानं काच कापत, पट्टीचे कोपरे जुळवत, आत फोटो, फोटोमागे कागद, कागदामागे पुठ्ठा असं बसवून बारीक खिळे ठोकत आणि सगळ्यावर खळीनं खाकी कागद चिकटवून तसबीर उलटी करून ठेवत. हात सफाईदार, तोंड तिखट. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, वडलांना जरा गोरं करता येईल का?" तर चष्म्यावरून बघत विचारायचे, "हयात असताना होते का?"

ज्यांचा एकही फोटो नसायचा अशांसाठी साहेबरावांनी एक तोड काढली होती. बासष्टनंतर गावोगावच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, तेव्हाच्या कागदांवर म्हाताऱ्यांचे अंगठे उठले होते. पोरं त्या कागदांची घरी दिलेली, अंगठा उठवलेली नक्कल घेऊन येत. साहेबराव पुठ्ठ्याला गोल भोक पाडून नक्कल मागे अशी बसवत की मजकूर झाकला जाई आणि काचेत तेवढा निळा अंगठा दिसे. खाली नाव, गाव, मृत्यूची तारीख. लोक त्या अंगठ्याला हार घालत. भोसरीपासून तळेगाव दाभाड्यापर्यंत कितीतरी घरांत असे अंगठे लटकत होते, आणि साहेबरावांना त्या कामाचा खराखुरा अभिमान होता.

त्यांच्या स्वतःच्या आईचं मात्र काहीच नव्हतं. भिमाबाईचा फोटो कुणी काढला नव्हता, आणि जमीनच नव्हती तर अंगठा कुठे उठवणार. दुसऱ्याच्या बापाला चौकट करून देणाऱ्या या माणसाच्या घरात आईच्या नावानं एक खिळासुद्धा नव्हता. तेही एक वेळ चाललं असतं, कारण माणूस डोळे मिटून आपल्या आईला बघू शकतो. साहेबरावांना तेही जमत नव्हतं. डोळे मिटले की त्यांना आईची पाठ दिसायची. वाकलेली पाठ, लुगड्याचा विटका काठ, आणि मागे नेलेला एक हात. तोंड दिसायचं नाही. तीस वर्षं दिसलं नव्हतं, आणि ते का दिसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते तेव्हा अकरा वर्षांचे होते. गाव भोसरीच्या अंगाला. माघ-फाल्गुनात ज्वारी निघाली की भिमाबाई, तिची शेजारीण सरू आणि कुशा नावाची आणखी एक बाई, अशा तिघी तात्याबाच्या रानात सरवा वेचायला जात. कापणी होऊन, कणसं मोडून झाल्यावर रानात जे चुकून पडलेलं राहतं तो सरवा. तो वेचणाऱ्याला मालक हाकलत नसे, पण मालकाचं कुत्रं हाकलत असे. तिघी ओळीनं वाकून चालत. कणसं एका हातानं उचलायची आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरायची; भिमाबाई तो हात पाठीमागे नेई. मूठ भरली की ओटीत.

त्या दिवशी गुरुजी वर्गाला घेऊन शेजारच्या गावी कवायतीला निघाले होते. दोन-दोनांची रांग. एरवी दाराशी पोत्यावर बसणाऱ्या साहेबरावाला त्या दिवशी प्रथमच रांगेत घेतलं होतं, वरच्या आळीतल्या एका पोराचा जोडीदार म्हणून. साहेबरावाच्या अंगात धुतलेला सदरा होता आणि छातीत मावत नव्हता एवढा आनंद होता. रांग तात्याबाच्या बांधावरून निघाली. पलीकडे वीसेक हातांवर तिघी वाकलेल्या. जोडीदार म्हणाला, "ती हात मागं घेतलेली तुझी आय ना रं?"

साहेबराव म्हणाला, "न्हाई."

मोठ्यानं म्हणाला. मागच्या-पुढच्या चौघांनी ऐकलं. आईनं ऐकलं की नाही, एवढंच त्याला कळलं नाही, कारण तिघींपैकी एकीनंही मान वर केली नाही. संध्याकाळी तिनं नेहमीसारखी भाकरी वाढली. हा भाकरीवरून नजर उचलेना. असेच दिवस गेले. पाऊस सुरू व्हायच्या आधी गावात तापाची साथ आली आणि चार दिवसांत भिमाबाई गेली. मामानं पोराला पुण्याला रविवार पेठेत एका बोहऱ्याच्या तसबिरींच्या दुकानात नेऊन घातलं. पुढे छप्पन साल आलं, धर्म बदलला, लग्न झालं, त्रेसष्टला पिंपरीत दुकान झालं. एवढं सगळं होऊन गेलं तरी एक गोष्ट जागची हलली नाही: आईनं ते ऐकलं होतं का? ऐकलं असेल, तर ती तोंड फिरवून गेली. नसेल ऐकलं, तर मग तिचं तोंड का दिसत नाही?

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. खरं काय ते सांगू शकेल असं एकच माणूस जिवंत होतं, ती सरूबाई. कुशाबाई कधीच वारली होती. सरूबाई मुलाकडे पिंपळे गुरवला राहायला आल्याचं साहेबरावांना माहीत होतं, सायकलनं अर्ध्या तासाची वाट. ते कधी गेले नाहीत. विचारलं तर ती सांगेल, याचीच भीती होती.

आता कॅलेंडराचं सांगितलं पाहिजे. तात्याबाच्या रानावर आणि आसपासच्या शेदोनशे एकरांवर एक कारखाना उभा राहिला होता, परदेशी भागीदारीतला. त्र्याहत्तरच्या जानेवारीत त्या परदेशी भागीदारानं कामगारांना भेट म्हणून कॅलेंडरं पाठवली. जाड, गुळगुळीत कागद, बारा पानं, पानाएवढी रंगीत चित्रं. दरवर्षी लक्ष्मी नाहीतर नटी बघायची सवय असलेल्या कामगारांनी ती उलगडली आणि तोंडं वाकडी केली. जानेवारीच्या पानावर रस्त्याकडेला खडी फोडणारी दोन माणसं होती, एक म्हातारा गुडघ्यावर टेकून हातोडा उगारलेला, एक तरणा पाटी पोटाशी धरून उचलणारा. कपडे फाटके. दोघांचीही तोंडं नीट दिसत नव्हती. साल दुष्काळाचं. निम्म्या कामगारांचे भाऊबंद गावाकडे खडी फोडत होते आणि सुकडी खात होते. कँटीनमध्ये एकच बोलणं झालं, की कंपनीनं आपल्या दुष्काळी कामावर फोटो काढायला माणूस धाडला आणि आपल्यालाच छापून वाटला.

स्टोअरमध्ये कारकून असलेले मारुतराव उरलेल्या कॅलेंडरांचा गठ्ठा सायकलला बांधून साहेबरावांकडे घेऊन आले. मारुतराव थोडे वाचणारे होते.

"शंभर वर्षांपूर्वीची चित्रं आहेत राव," ते म्हणाले. "मागच्या पानावर लिहिलंय. तिकडच्या काही चित्रकारांनी ठरवलं, की आता देव नाही, राजे नाहीत, जे डोळ्यांना दिसतं तेच काढायचं. काम करणारी माणसं. आता त्याच्या प्रती काढून घरात लावायला विकतात म्हणे."

"घरात?" साहेबराव म्हणाले. "खडी फोडणारा माणूस घरात कोण लावतं?"

"तेच. आमची मंडळी म्हणाली, हे दळभद्री पहिलं बाहेर काढा. तुला मागच्या बाजूला घालायला होईल बघ, कागद झकास आहे."

कागद झकास होता यात शंका नव्हती. साहेबरावांनी पानं सुटी केली, कोऱ्या बाजूवर माप टाकून कापायला सोपं म्हणून सगळी पालथी रचली, आणि कामाला लागले. त्यांची रीत अशी, की कोरी बाजू फोटोला लागायची, म्हणजे छापाची शाई फोटोत उतरत नाही. चित्र पुठ्ठ्याकडे, म्हणजे भिंतीकडे तोंड करून. दोन-अडीच वर्षं तो कागद चालला, थोडा उरलाही. जानेवारीनंतरची पानं त्यांनी एकदाही उलटून पाहिली नाहीत. गठ्ठ्यातला कागद कुणी उलटून बघत बसतं का?

शहात्तरच्या उन्हाळ्यात संत तुकाराम नगरातून एक तसबीर दुरुस्तीला आली. पोरांच्या चेंडूनं काच फुटली होती. दुपारची वेळ, बाजार सुस्तावलेला, पहिल्या शिफ्टची माणसं सुटायला अजून तास होता. साहेबरावांनी तसबीर पालथी केली, खाकी कागद फाडला, खिळे उपसले, पुठ्ठा काढला. आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

पुठ्ठ्याखाली तीन बायका वाकल्या होत्या. कापणी झालेलं रान, लांब पाठीमागे गंजी, गाडी, घोड्यावरचा माणूस, आणि पुढे या तिघी, सरवा वेचणाऱ्या. एक पार वाकलेली, उजवा हात जमिनीला, डावा पाठीवर, मुठीत कणसं. मधलीही तेवढीच वाकलेली, पण तिची मूठ गुडघ्याशी. कडेची अर्धवट वाकलेली, आत्ता वाकते आहे की आत्ता उठते आहे ते कळत नव्हतं. तिघींचीही तोंडं दिसत नव्हती. डोक्याला फडकी, अंगात घागऱ्यासारखं काहीतरी, पायांत लाकडी जोडे. हे सगळं त्यांनी पाहिलं, परदेशातलं आहे हे त्यांना समजत होतं. पण पाठीवरचा तो हात त्यांच्या ओळखीचा होता.

त्यांनी उरलेली पानं धुंडाळली. मार्चचं पान होतं ते. शाबूत अशा चार प्रती मिळाल्या. बाकीच्या पंचवीस-सव्वीस? त्या पिंपरी-चिंचवडभर पसरल्या होत्या, कुणाच्या बापामागे, कुणाच्या चुलत्यामागे, भिंतीकडे तोंड करून, खिळे ठोकून. आणि ते खिळे त्यांनीच ठोकले होते.

एक प्रत त्यांनी चांगल्या शिसवी पट्टीत बसवली आणि दुकानात आपल्या पाठीमागच्या भिंतीवर लावली. समोर लावायचा धीर झाला नाही.

इथून पुढे साहेबरावांचं दुकानात लक्ष राहिलं नाही. काम असं, की काच पुसून उन्हाकडे धरून बघावी लागते, डाग राहिला का म्हणून. काच धरली की तिच्यात पाठीमागची भिंत दिसे, आणि भिंतीवरच्या तिघी. उलट्या, पुसट. पहिल्यांदा काही वाटलं नाही. मग एका दुपारी त्यांना वाटलं, की कडेची जी अर्धवट वाकलेली, ती कालच्यापेक्षा ताठ आहे. त्यांनी मागे वळून पाहिलं. जशीच्या तशी. काच पुन्हा धरली. पुन्हा ताठ. खुळचटपणा आहे हे त्यांना कळत होतं. त्यांनी स्वतःला दोन शिव्याही घातल्या. पण मग त्यांना शंका आली, की आपण इतके दिवस चुकीच्या बाईला आई समजतो आहोत. हात मागे घेतलेली ती आई नसेलच. आई ही, जी उठते आहे. ती उठेल, तोंड वर करेल, आणि ते तोंड काचेत दिसेल. हेच तर त्यांना आयुष्यभर हवं होतं. आणि आता ते दिसेल या विचारानं त्यांच्या हाताला घाम सुटून काच निसटायची. त्या उन्हाळ्यात त्यांनी जेवढ्या काचा फोडल्या तेवढ्या आधीच्या दहा वर्षांत फोडल्या नव्हत्या.

कस्तुरा, त्यांची बायको, डबा घेऊन दुकानात यायची. बाई रोखठोक. तिनं चित्र जवळून पाहिलं. नवऱ्याचं तोंड पाहिलं. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"अवो, सासूबाईंना मी पाह्यलं न्हाई," ती म्हणाली, "पण त्या एवढ्या गोऱ्या तर नसतील. आन् ह्या बायांच्या पायात खडावा हायती."

"आईच्या पायात काही नसायचं," साहेबराव म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. जेवण ठेव तिथं."

कस्तुरानं डबा ठेवला आणि जाता जाता म्हणाली, की चित्राला हार घालायचा विचार असेल तर आधी घरी विचारा. तिचा आवाज चेष्टेचा होता, पण ती घाबरली होती. नवरा जेवताना खाली बघून जेवतो हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. हल्ली तो ताटातही बघत नव्हता.

मग ते झालं. आळंदी रस्त्याकडचा कुणी कामगार बापाचा फोटो घेऊन आला होता. साहेबराव माप घेत होते. त्याची नजर मागच्या भिंतीवर गेली. "सरवा येचत्यात जनू," तो म्हणाला. "आमची आजीबी अशीच जायची. ह्या तुमच्यातल्या हायत का कोन, दादा?"

साहेबराव म्हणाले, "नाही."

विचार न करता, झटकन, ठणठणीत आवाजात म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि तो त्यांना बाहेरून ऐकू आला. अकरा वर्षांच्या पोराचा आवाज नव्हता, चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्याचा होता, एवढाच काय तो फरक. गिऱ्हाइकाला काहीच कळलं नाही. तो पट्टी निवडून गेला. साहेबरावांनी दुकानाची फळी लावली आणि सायकल काढली.

पुढची दोन वर्षं ते आईला गोळा करत फिरले. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगायचं? एका प्लायच्या तुकड्यावर त्यांनी खडूनं नावं लिहिली, त्र्याहत्तर ते पंचाहत्तरमध्ये कुणाकुणाच्या तसबिरी केल्या ते आठवून. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पुठ्ठे, खिळे, हातोडी पिशवीत घालून ते घरोघर जात. सांगत, की त्या वेळच्या पुठ्ठ्याला वाळवी लागते आहे, फुकट बदलून देतो. फुकट म्हटल्यावर लोक आणखीच संशयानं बघत. काही घरांत तसबीर वर्षातून एकदाच, पुण्यतिथीला, उतरवायची रीत. तिथे तारीख विचारून पुन्हा जावं लागे. काही ठिकाणी दसऱ्याच्या आधी, भिंतींना चुना लावायला सामान बाहेर काढलेलं असताना त्यांनी गाठलं. एका घरातल्या म्हाताऱ्यानं तर साफ सांगितलं, "आमच्या भावाला सारखा उठवू नका. निजू द्या की त्याला." तसबीर उघडली की कधी कपडे धुणारी बाई निघे, कधी फरशी तासणारे उघडे कामगार, कधी खडीवाला म्हातारा. साहेबराव त्यांना पुन्हा आत घालून बंद करत. मार्चचं पान निघालं तरच ते ठेवून घेत आणि कोरा कागद घालत.

चिंचवडच्या एका गृहस्थांनी विचारलं, "एवढा खटाटोप कशासाठी? चित्र मागं आहे, कुणाला दिसतंय?"

"तेच की," साहेबराव म्हणाले. "कुणाला दिसत नाही."

एकोणीस प्रती परत मिळाल्या. त्यांनी त्या कपाटात, तोंडं वर करून, एकावर एक ठेवल्या. वाटलं होतं, सगळ्या जमल्या की जिवाला स्वस्थता येईल. उलट झालं. प्रत्येक नवी प्रत आणली, की दुसऱ्या दिवशी काचेतली ती कडेची बाई थोडी आणखी ताठ वाटायची. ते काच तिरकी धरायला शिकले, छताकडे. खडूच्या यादीत शेवटी एकच नाव खोडायचं राहिलं. ते पहिल्यापासून तळाशी होतं आणि साहेबराव प्रत्येक रविवारी त्याच्या वरचंच नाव निवडत आले होते. कोंडीराम, पिंपळे गुरव. सरूबाईचा नवरा. चौऱ्याहत्तरला मुलगा फोटो देऊन आणि तसबीर घेऊन गेला होता. पान मोठ्या मापाचं होतं, अख्खं.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या सुमाराला ते गेले. पवनेच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. सरूबाई उंबऱ्यात बसून सुपात हरभरा निवडत होती. पंच्याहत्तरीची असेल. डोळे मात्र शाबूत.

"ये, सायबा," ती म्हणाली, जणू परवाच भेटले होते. "लई वर्सं लावलीस."

साहेबरावांनी वाळवीचं सांगितलं. तिनं हात हलवून भिंतीकडे दाखवलं. त्यांनी कोंडीरामला उतरवलं, उंबऱ्याजवळ उजेडात पालथं ठेवलं आणि खिळे काढायला सुरुवात केली. पुठ्ठा निघाला. मार्चचं पान होतं. अडीच हातांवर बसलेल्या सरूबाईनं हरभऱ्याचं सूप बाजूला सारलं आणि वाकून पाहिलं. मग पान हातात घेतलं आणि उन्हात धरलं. 

"ह्यो फोटू कुनी काढला रं?"

"परदेशातलं चित्र आहे, मावशी. कॅलेंडरातलं."

तिनं ते कानावरही घेतलं नाही. तिचं बोट कागदावरून सरकत होतं. "ही भिमा, हात मागं. तिची रीतच तशी. ही मदली मी. आन् ही कडंची कुशा."

"कडेची कुशाबाई?"

"मग कोन? उठाय लागलीया बघ. तिला धीर कुटला."

म्हणजे दोन वर्षं काचेत जी उठत होती, ती आई नव्हतीच. साहेबरावांच्या अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं, क्षणभर बरंही वाटलं. आणि त्या क्षणभराच्या जोरावरच त्यांच्या तोंडून ते निघालं, जे पस्तीस वर्षं निघालं नव्हतं.

"मावशी, एकदा बांधावरनं शाळा गेली होती. मी रांगेत होतो."

"व्हय."

"मी एक शब्द बोललो होतो. आईनं ऐकला का?"

सरूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलली असती तर ते त्यांना त्या वेळी चाललं असतं. पण ती तशी बाई नव्हती.

"ऐकला की. आमी तिगींनीबी ऐकला. वारं आमच्या अंगाला व्हतं." तिनं कडेच्या बाईवर बोट ठेवलं. "कुशा उठाय लागली. म्हनली, थांब, त्या कार्ट्याचं मुस्काटच फोडते. भिमानं तिचा पदर धरला. म्हनली, वर बघू नका गं. त्याचं नाकडोळं माझंच हायती. म्या त्वांड वर केलं तर पोरांस्नी लगीच कळंल, ह्यो खोटं बोलला म्हनून. आज पयल्यांदा रांगेत घेतलाय त्याला."

साहेबराव खाली बघत होते. कोंडीरामच्या तसबिरीचे खिळे त्यांनी मुठीत धरले होते आणि ते तळव्यात रुतत होते.

"मग?"

"मग काय. वाकूनच ऱ्हायलो, तुमची रांग वळनाआड जाईपतूर. लई लांब व्हती रांग. कमरा मोडल्या."

"रडत होती का ती?"

"वाकल्यावर कुनाचं त्वांड दिसतंय?" सरूबाई म्हणाली.

आत भांड्यांचा आवाज झाला. सरूबाईची सून चहा घेऊन बाहेर आली. तिनं सासूच्या हातातलं चित्र पाहिलं, मान तिरकी करून नीट पाहिलं, आणि साहेबरावांना विचारलं, "कोन वो ह्या बाया, भाऊ? तुमच्या कुनी हायत का?"

साहेबरावांनी मान वर केली. तोंड उघडलं. घशात शब्द आलेला होता, दोनच अक्षरांचा, आणि या खेपेला तो वेगळा होता. पण त्यांच्याआधी सरूबाई बोलली. तिनं पान पटकन मांडीवर पालथं घातलं, त्यावर हात ठेवला आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "कुनी न्हाईत गं त्याच्या. कॅलेंडरातल्या परदेसी बाया हायत. तू च्या दे त्याला."

सून हसली आणि कप पुढे केला. बोलायचं तर तेव्हाच होतं. साहेबरावांनी कप घेतला.